इटलीवाल्या सिस्टर

दुकानात गिऱ्हाईक चुंबक घेऊन आलं की मी समजते, आजची दुपार गेली. औरंगपुऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच बघते. स्टील खरं की खोटं बघायला चुंबक आणणारी माणसं अधूनमधून येतातच, पण चुंबक, फूटपट्टी आणि पाण्याची बाटली अशी तिन्ही घेऊन आलेली बाई मी एकच पाहिली. तिनं सगळ्यात मोठं पातेलं निवडलं. चुंबक लावलं, काठाची जाडी मोजली, बोटानं वाजवलं, मग बाटलीतलं पाणी आत ओतून ते दाराशी उजेडात नेलं आणि बुडाकडून निरखलं.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"मी."

"मग एवढं मोठं कशाला?"

"तुम्हाला विकायचं नाय का?"

विकायचं होतं, विकलं. पण एकट्या बाईला लग्नघरातलं पातेलं कशाला लागतं, हा किडा डोक्यात राहिला. पुढच्याच आठवड्यात ते पातेलं डोक्यावर घेऊन ती बाई आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीचा जिना चढताना दिसली. तिसऱ्या मजल्यावरचा, गच्चीला लागून असलेला फ्लॅट तिनं भाड्यानं घेतला होता. फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. मी सोसायटीची सेक्रेटरी, कारण पुरुषांपैकी कुणाला ते काम नको होतं.

नाव विमल साळवे. मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या. शिक्षण नर्सिंगचं. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला इटलीचा एक इंजिनिअर बायकोसकट आला होता. त्या बायकोचं बाळंतपण विमलबाईंनी केलं. जाताना त्यांनी विमलबाईंना सोबत नेलं, इंजिनिअरच्या म्हाताऱ्या आईला सांभाळायला. म्हातारी डोंगरावरच्या एका गावात राहत होती. विमलबाई तिच्याकडे दहा-बारा वर्षं राहिल्या आणि ती गेल्यावर परत आल्या. एवढी माहिती त्यांनी मला दिली, तीही पोलीस पडताळणीला लागते म्हणून.

इमारतीला एवढं पुरेसं नव्हतं. बाई एकटी, नवऱ्याचा पत्ता नाही, इतकी वर्षं परदेशात, आणि परत आली ती भाड्याच्या घरात. आमचे चेअरमन देशपांडे काका, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, मला जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनी, तिकडं नेमकं काय करत होत्या या?"

"म्हातारी सांभाळत होत्या."

"असं त्या म्हणतात."

मला काकांचं नवल वाटलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. फरक इतकाच की काका पाठीमागं बोलत आणि मी तोंडावर विचारायची. विमलबाईंना तोंडावरचं चालायचं. कारण संशयात त्या आम्हां दोघांना भारी होत्या.

दूध आलं की त्या आधी हुंगायच्या, मग थेंबभर नखावर घ्यायच्या, मग दूधवाल्याकडे बघायच्या. भाजीवाल्यानं जूनमध्ये फुलकोबी पुढं केली तर म्हणायच्या, "ही आत्ता आली कुठनं? हिचा काय हा महिना हाय?" तो म्हणायचा, "सिस्टर, आता सगळं बारा महिने मिळतंय." त्यावर, "मिळतंय म्हणून तर इचारते." भाजीवाले त्यांना लांबून बघूनच मेथीच्या जुड्यांतली पिवळी पानं काढून टाकायचे.

हे सगळं त्या म्हातारीकडून शिकल्या होत्या. नोन्ना म्हणायच्या तिला, म्हणजे आजी. "तुम्हाला वाटतंय तिकडची लोकं लई साधी, गाणी म्हणत फिरतात. नाय हो. नोन्ना मासळी घेताना आधी माशाचे डोळे बघायची, मग इकणाऱ्याचे. पाद्री घरी आला तर तो गेल्यावर चमचे बघायची."

"आणि तुमच्यावर विश्वास होता?"

"पहिली दोन वर्षं नाय. भांडाराची किल्ली गळ्यात घालून झोपायची."

"मग?"

"मग माझ्या गळ्यात घातली. पण अधनंमधनं हात लावून बघायची, हाय का."

त्यांची इटालियन भाषा स्वयंपाकघरात तयार झालेली. त्यामुळं त्यांना सगळं हुकमातच यायचं. आण, सोल, ढवळ, झाक, थांब. इंजिनिअरच्या बायकोनं त्यांना एकदा तिकडच्या तालुक्याच्या गावी बँकेत नेलं, तर तिथला माणूस त्यांचं बोलणं ऐकून हसला. नोन्नाची भाषा तिच्या डोंगरापुरती होती. शहरातले लोक तिला गावंढळ समजत. "आपल्या गंगापूरचं बोलणं पुण्यात बोलल्यागत," विमलबाई म्हणाल्या. "तो हसला तसा मला धीर आला. म्हटलं, हे तर आपलंच गाव."

मे महिन्यात त्यांचं आणि माझं एका गोष्टीवर जमलं. दुपारी सगळी इमारत कुलर लावून खिडक्या उघड्या टाकायची आणि मग गरम होतंय म्हणून ओरडायची. विमलबाई सकाळी उन्हं वर यायच्या आत सगळी दारं-खिडक्या गच्च लावून घेत, वर चादरी सोडत, आणि संध्याकाळी उघडत. तिकडं उन्हाळ्यात अख्खं गाव असंच आंधारात झोपतं, म्हणायच्या. मी तसं करून बघितलं. घर खरंच गार राहिलं. मी हे कुणाला सांगितलं नाही, नाहीतर लोक म्हणाले असते, सेक्रेटरी फितली. कुलरवर मात्र त्यांचा भारी राग. मानेला वारा लागला की माणूस मरतो अशी त्यांची खात्री होती. नर्स असूनही. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "नर्सिंगमधी शिकवलं नाय म्हणून खोटं व्हतंय का?"

त्यांच्याकडे बसलं की वर्ष कसं फिरतं ते कळायचं, फक्त दुसऱ्या देशाचं. थंडी सरता सरता नोन्ना चाकू आणि पिशवी घेऊन रानात जायची, कडवट पाला खुडायला. मग काटेरी कमळासारखी एक भाजी यायची, तिच्या पाकळ्या दातांनी ओरपायच्या. ऐन उन्हाळ्यात टोमॅटो. मग द्राक्षं. मग ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या अंथरून काठ्यांनी झोडपणं. हिवाळ्यात धुकं, आणि मक्याचं पिठलं लाकडी फळीवर ओतून घरातल्या सगळ्यांनी चारी बाजूंनी खायचं. "कोण कुठवर खातंय त्याच्यावर नोन्नाचं ध्यान," त्या म्हणायच्या.

पहिल्या पावसाळ्यात मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्या वाकून काहीतरी खुडताना दिसल्या. देशपांडे काका गॅलरीतून बघत होते. "वहिनी, जडीबुटी चाललीय. कुणाच्या चहात काय जाईल, सांगता यायचं नाही." मी खाली जाऊन पिशवीत डोकावले. घोळ होती आणि पाथरी. माझं माहेर खेड्यातलं, दोन्ही मी ओळखते. भाकरीबरोबर कच्ची पाथरी खाऊनच वाढले. पण उस्मानपुऱ्यात येऊन हे बोलायची सवय गेली होती. विमलबाई ती उकडून लसूण-तेलात परतत. नोन्नाचा कडवट पाला हाच, किंवा याचा भाऊ, असं त्यांचं म्हणणं. चव चांगली होती. मी काकांना एवढंच सांगितलं की भाजी आहे. "असं त्या म्हणतात," काका म्हणाले.

त्या वर्षी पाऊस त्या घोळीपुरताच झाला. पुढं आलाच नाही. धरण तळाला गेलं. शहर मात्र थांबलं नव्हतं. बायपासला रोज नवे पिलर उभे राहत होते आणि त्यांना पाणी मारायला आमच्याच रस्त्यावरून टँकर जात होते. आमच्या इमारतीला दोन दिवसांआड एक टँकर. प्रत्येक घराला ठरलेला वेळ व्हॉल्व्ह उघडायचा. मी स्वतः उभी राहायची, कारण त्या काळात मी सख्ख्या बहिणीवरही विश्वास ठेवला नसता.

तेव्हा ते पातेलं पुन्हा चर्चेत आलं. विमलबाई मूठभर पास्ता, म्हणजे त्या इटलीच्या शेवया-नळ्या, उकडायला ते पातेलं भरून पाणी चढवतात आणि मग ओतून देतात, अशी बातमी. मी न सांगता त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी जाळीतून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आत घेतलं आणि ओट्याशी उभं केलं. पाणी पातेलंभर होतं, खरंच. पण नळ्या काढल्यावर त्या पाण्यातच त्यांनी डाळ शिजायला टाकली, उरलेल्यात कणीक मळली, आणि तळाचं गाळ-पाणी कुंडीत गेलं.

"झालं का बघून?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"सिंकखाली बघितलं नाय."

मी सिंकखालीही बघितलं.

हे सगळं इथवर ठीक होतं. खरा प्रकार फेब्रुवारीत झाला.

विहिरी आटायला लागल्या तसे, आता पाणी पुरायचं नाही म्हणून, सगळ्या शेतकऱ्यांनी टोमॅटो एकदमच तोडून शहरात आणले. रस्त्याच्या कडेला ढीग लागले. दोन दिवसांत विमलबाईंच्या दारात क्रेटांची थप्पी उभी राहिली. मग रद्दीवाल्याकडून पोती आली, त्यात बिअरच्या रिकाम्या बाटल्या. मग एक मोठं पत्र्याचं पिंप गच्चीवर चढलं, विटांची चूल मांडली गेली, आणि एका सकाळी गच्चीतून धूर निघू लागला. धुराबरोबर आंबट वास. गच्चीचं दार आतून बंद.

दहा वाजता देशपांडे काका माझ्या दारात. इतर घरांतले चार-पाच जण त्यांच्या मागं.

"वहिनी, पिंप आहे. जाळ आहे. बिअरच्या बाटल्या आहेत. वास येतोय. अजून काय पाहिजे?"

"कशाला?"

"हातभट्टी लावलीय बाईनं. आपल्या गच्चीवर. तरी मी म्हणत होतो. यांच्यात..." आणि काका थांबले.

यांच्यात म्हणजे कोणात, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना कळलं होतं.

काकांनी आधीच पुण्याला मालकांना फोन लावला होता. मालकांचा निरोप असा, की सेक्रेटरींनी स्वतः बघून सांगावं. काही वेडंवाकडं असेल तर महिनाअखेर फ्लॅट रिकामा. विमलबाईंना हे घर मिळायला किती दारं वाजवावी लागली होती ते मला माहीत होतं. एकटी बाई म्हटलं की निम्मे लोक नाही म्हणत, आडनाव सांगितलं की उरलेले. हे घर गेलं तर त्या वयात त्यांना गंगापूरला भावाच्या पडवीत जावं लागलं असतं, आणि भावजयीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मी वर गेले. दार वाजवलं.

"कोण?"

"मी, सेक्रेटरी."

"सोबत कोण हाय?"

"सगळे आहेत."

"सगळे नको. तुम्ही एकट्या या."

काका मागून म्हणाले, "बघा! लपवायचं नसतं तर..."

"काका, तुम्ही गप ऱ्हावा!" आतून आवाज आला. "बुचं बसवायची हायेत. एक जरी माशी आत गेली तर बाटली नासली. तुमच्याबरोबर किती माशा आल्यात मला ठाव नाय."

दार माझ्यापुरतं उघडलं आणि मागं कडी लागली. गच्चीभर टोमॅटो होते. एका पातेल्यात, माझ्याच दुकानातल्या, शिजवून गाळलेला रस. ओळीनं लावलेल्या बाटल्या, प्रत्येकीत सब्ज्याचं एक पान. इटलीहून आणलेलं, हातानं दाबून बूच बसवायचं एक यंत्र. पिंपात भरलेल्या बाटल्या आडव्या, मध्ये चिंध्या आणि गोणपाट, वर उकळतं पाणी. तिकडं दर उन्हाळ्यात प्रत्येक घर हे असं करतं, त्या म्हणाल्या. वर्षभराचा रस एका दिवसात. सगळं गल्लीत, उघड्यावर. बाटल्या बिअरच्याच असतात, कारण काच जाड.

"नोन्ना त्या दिवशी बायकांना दारातच इचारायची, पाळी आलीय का. आली असली तर हात लावू द्यायची नाय, रस नासतो म्हणायची. आपल्याकडं लोणच्याला म्हणतात ना, तसंच. मी दरसाल नाय म्हणायची. खोटंच. एक बाटली नासली नाय आजवर." त्यांनी बूच दाबलं. "आमच्या बापानं असलं काय पाळायचं सोडून दिलेलं. मी तिथं जाऊन पाळू?"

मी चव घेतली. टोमॅटो आणि मीठ. तरी मी म्हटलं, "पिंपातली एक उघडा. मी सांगते ती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नोन्नाची मासळीवाली आहे. "गरम बाटली बाहेर काढत नसतात. रातभर तशीच निवायला पाहिजे. वारा लागला की फुटती."

वारा लागला की माणूस मरतो, बाटली फुटते. मला हसू आलं असतं, पण दार पुन्हा वाजायला लागलं होतं. मी कडी काढली. न काढून भागणार नव्हतं. मी एकटीनं सांगितलेलं खाली कुणी मानलं नसतं. काका आत आले, वास घेतला, वरच्या बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, "वर दाखवायचा माल. खाली काय आहे?"

"काका, हात लावू नका," विमलबाई म्हणाल्या.

"का?"

"फुटल."

"असं तुम्ही म्हणता," काका म्हणाले, आणि चुलीजवळची सांडशी उचलून त्यांनी पिंपातून एक बाटली वर काढली. गच्चीवर त्या दिवशी बऱ्यापैकी वारा होता. बाटली हवेत आली आणि फाटकन आवाज झाला. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत लाल. कुणीतरी "अगं आई गं, रक्त!" म्हणून किंचाळलं. काका तसेच उभे, सांडशीत बाटलीची मान. काही लागलं नव्हतं, चटका तेवढा बसला. विमलबाईंनी आधी जाऊन त्यांचा हात बघितला, उलटा-सुलटा केला, काच नाही ना याची खात्री केली. नर्स ती नर्स. मग म्हणाल्या, "आता चाखून बघा."

काकांनी चाखलं नाही. म्हणाले, "बरं. आणि एवढं पिंपभर पाणी? दुष्काळात?"

"हुंगा," विमलबाई म्हणाल्या. "महिनाभराचं तांदळाचं, भाजीचं धुवन हाय ते. बाटल्या बंद असतात, पाणी कसलं का असंना. उद्या सकाळी त्यातच गोधड्या भिजवायच्या हायेत. तुमच्या आणायच्या असल्या तर आणा."

काकांनी ते हुंगलं आणि सांडशी चुलीजवळ ठेवून दिली.

लोक खाली गेले. मी तिथूनच, विमलबाईंच्या समोर, मालकांना फोन लावला. म्हटलं, उगाच मागं बोललं असं नको. "मी स्वतः बघितलं," मी सांगितलं. "दारूबिरू काही नाही. साळवेबाई दारू काढत नाहीत. तुम्ही निर्धास्त राहा." मालक म्हणाले, मग राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. मी फोन ठेवला. घर वाचलं होतं.

विमलबाई बुचाचं यंत्र पुसत होत्या. "काय सांगितलं तुम्ही?"

"ऐकलंत की. दारू काढत नाहीत म्हणून सांगितलं."

"काय करते ते नाय सांगितलं."

"अहो, त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं. काम झालं ना?"

"माझ्या नावाला लागून त्यो शब्द आला कसा?" आवाज वर गेला नव्हता. "मी टमाट्याचा रस भरते. एवढं सांगायचं. देशपांडे काकांच्या घरी लोणचं घातलं, तर तुम्ही फोन करून सांगता का, की ते दारू काढत नाय?"

मी व्यवहाराची बाई आहे. मालकाला शंका होती, ती मी फेडली. टोमॅटोचं वर्णन करत बसले असते तर तो म्हणाला असता, बाई मुद्द्याचं बोला. मी हे त्यांना सांगितलं. आजही माझं म्हणणं तेच आहे. त्यांना ते पटलं नाही, आणि न पटलेली गोष्ट त्या पुन्हा बोलत नसत.

महिनाअखेरीला त्यांनी फ्लॅट सोडला. कुणी काढलं नव्हतं. टेंपो आला, पोत्यांत गुंडाळलेल्या बाटल्या त्यांनी स्वतः एकेक करून खाली नेल्या, हमालाला हात लावू दिला नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घर बघून घ्या." मी खोल्या फिरून बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. जाताना एक बाटली देतील असं मला वाटलं होतं. दिली नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी बायपासच्या पलीकडे एका गिऱ्हाइकाच्या नव्या घराला भांडी पोहोचवायला गेले होते. तिथं आधी माळ होता. आता प्लॉट पाडून दोन-दोन खोल्यांची घरं उठली होती. रस्ता नाही, नळ नाही, पण प्रत्येक दाराला फाटक. एका फाटकाशी टँकर उभा होता आणि हौदात पाइप सोडून विमलबाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले. भिंतीला प्लास्टर नव्हतं, पण घर त्यांचं होतं. दारावर त्यांचं एकटीचं नाव रंगवलेलं होतं. मी गाडी थांबवली.

"बऱ्या आहात?"

"हाय."

"घर छान बांधलंत."

"अजून व्हायचंय."

शेजारच्या दोन बायका हंडे घेऊन आल्या होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, पाव्हण्या का तुमच्या? कोण म्हणायच्या या?"

विमलबाईंनी पाइप हातात धरला आणि माझ्याकडे नीट बघितलं. घाई केली नाही. त्या काय म्हणतील ते मला खरंच सांगता आलं नसतं, आणि मी उभी राहिले.

"यांचं औरंगपुऱ्यात भांड्यांचं दुकान हाय," त्या म्हणाल्या.

मी काय करते, एवढंच. त्या बाईनं मान डोलावून हंडा पुढं केला. मी गाडी चालू केली आणि तिथून निघाले.